एक ओळ म्हणजे काय?

कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधे एक काजू कारखाना आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे त्यांच्या एका चुकीबद्दल लिहायचं आहे. गेल्या पावसाळ्यात तिथल्या पाच जणांना मी आठ शनिवार शिकवायला जात होते. रिपोर्टसाठी डेटा मॉडेल, म्हणजे कुठली माहिती कुठल्या टेबलात ठेवायची आणि टेबलं एकमेकांना कशी जोडायची याचा आराखडा, कसं बांधायचं, हा विषय. मी मूळची मालवणची. पुण्यात चौदा वर्षं हेच काम केलं, मग आईच्या आजारपणामुळे परत आले आणि इथूनच काम करू लागले. इथल्या कुणी या कामासाठी बोलावण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी फार उत्साहात होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. कारखान्याने आधी बाहेरच्या एका कंपनीकडून पॉवर बीआय या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारं पान, करून घेतला होता. दिसायला देखणा, पण त्यातला एक रकाना बदलायचा तरी फोन करायचा, वाट बघायची, बिल भरायचं. शेवटी मालकांनी ठरवलं की आपलीच माणसं तयार करू. खरेदी बघणारी कणकवलीची मुलगी, उत्पादनावरचा आयटीआय झालेला मुलगा, विक्री आणि निर्यात सांभाळणारा एक जण, गुणवत्ता तपासणारी मुलगी आणि हिशेब खात्यातल्या वहिनी. या पाचांना त्यांनी 'बिझनेस ॲनालिस्ट' असं पद दिलं. त्यांच्यातल्या कुणी हा शब्द पूर्वी ऐकलेला नव्हता. पण बी कुठून येतं, कसं वाळतं, कुठे किती घट होते, हे प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

सहावं माणूस म्हणजे गोदाम सांभाळणारे तात्या. ते यादीत नव्हते. ते कसे आले ते पुढे सांगते.

पहिला शनिवार वाया गेला. मी प्रोजेक्टर लावला, पॉवर बीआय उघडलं, फाइल आत कशी घ्यायची, टेबलं कशी जोडायची, चार्ट कसा ओढायचा, सगळं दाखवलं. सगळ्यांनी वहीत पायऱ्या लिहून घेतल्या. दुपारी मी म्हटलं, आता तुमच्या फाइलवर करा. तासाभराने प्रत्येकाच्या पडद्यावर एकेक रंगीत चार्ट होता आणि एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. खरेदीची एकूण किलो पाच जणांची पाच. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ताई, बटणं कळली. पण कुठला आकडा खरा ते कसं ओळखायचं?"

त्या रात्री मालवणला परत येताना हाच प्रश्न डोक्यात होता. मी सॉफ्टवेअर शिकवायला निघाले होते. वहिनींनी विचारलं ते सॉफ्टवेअरच्या आधीचं होतं.

दुसऱ्या शनिवारी लॅपटॉप उघडलेच नाहीत. कारखान्यातले खोक्यांचे पुठ्ठे कापून घेतले, मार्कर दिले आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहिला: एक ओळ म्हणजे काय? तुमच्या खरेदीच्या फाइलमधल्या कुठल्याही एका ओळीवर बोट ठेवा आणि ती ओळ कारखान्यात घडलेल्या नेमक्या कुठल्या गोष्टीची नोंद आहे ते एका वाक्यात सांगा.

खरेदीवाली मुलगी पटकन म्हणाली, "एक ओळ म्हणजे एक पावती." शेतकरी बी घेऊन येतो, वजन होतं, पावती फाटते. मी म्हटलं, बरं, मग ही पावती फाइलमध्ये तीनदा का दिसते? तिने पाहिलं. पाचशे किलोची पावती होती. शेतकऱ्याने आधी उचल घेतली होती, मग दोन हप्त्यांत बाकीचे पैसे नेले. कुणीतरी सोयीसाठी खरेदीच्या फाइलला पैसे दिल्याची फाइल जोडून टाकली होती. पैसे तीनदा गेले म्हणून ओळी तीन झाल्या आणि प्रत्येक ओळीत वजन पाचशेच राहिलं. बेरीज केली की पाचशे किलोचे दीड हजार होतात.

मी तिला तीन पुठ्ठे दिले आणि प्रत्येकावर ५०० लिहायला सांगितलं. मग तिला गोदामात पाठवलं, पोत्यांच्या या तीन थप्प्या दाखव म्हणून. ती हसली नाही. पुठ्ठे टेबलावर ठेवून म्हणाली, "म्हणजे मार्चपासून मी मालकांना जे पाठवतेय ते चुकीचं आहे." मला तिचं फार कौतुक वाटलं. चूक अशी स्वतःहून बोलून दाखवणारं माणूस मिळालं की मॉडेलचं निम्मं काम झालं असं मी समजते.

मग आम्ही ते दोन ढीग वेगळे केले. एका ढिगात एक ओळ म्हणजे एक पावती. दुसऱ्यात एक ओळ म्हणजे एकदा दिलेले पैसे. दोघांना जोडणारं काय? शेतकरी, तारीख, गाव. ही तिन्ही स्वतंत्र टेबलं. पावतीच्या टेबलाला पैशांचं टेबल थेट चिकटवायचं नाही. दोघांनी आपापल्या बाजूने शेतकऱ्याच्या टेबलाशी नातं सांगायचं.

रिपोर्टसाठी माहिती कशी मांडावी यावर पुस्तकं लिहिणारे राल्फ किंबॉल यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत रुजवली. त्यांच्या चार पायऱ्या अशा: आधी कुठलं काम मोजायचं ते ठरवा, मग एक ओळ म्हणजे काय ते ठरवा, मग त्या ओळीला कोण, कुठे, कधी या कशाकशाने बघायचं ते, आणि सगळ्यात शेवटी आकडे. आपण सगळे उलटे जातो, आकड्यांपासून सुरुवात करतो. पुस्तकी भाषेत आकड्यांच्या नोंदींना फॅक्ट आणि कोण, कुठे, कधी सांगणाऱ्या टेबलांना डायमेन्शन म्हणतात. मी ते शब्द सांगितले, पण तिसऱ्या शनिवारपर्यंत गटाने आपले शब्द काढले होते: 'नोंदीची टेबलं' आणि 'ओळखीची टेबलं'. नोंदीचं टेबल लांब आणि अरुंद, रोज वाढणारं. ओळखीचं आखूड आणि रुंद, क्वचित बदलणारं. मधे नोंद आणि भोवती ओळखी मांडल्या की चांदणी दिसते, म्हणून तो स्टार स्कीमा. मी अजूनही त्यांचेच शब्द वापरते.

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. यांच्याकडे त्याच्या जवळपासही काही नव्हतं. अडचण माहितीच्या पसाऱ्याची नव्हती. एकाच पानावर खरेदी, वाळवण, उकड, फोडणी, सोलणी, प्रतवारी आणि विक्री असं सगळं आडवं पसरलेलं होतं, आणि एका ओळीत सात वेगवेगळ्या गोष्टी बसवायचा प्रयत्न होता.

आता तात्यांचं सांगते.

तिसऱ्या शनिवारी मधल्या सुट्टीत ते दारात येऊन उभे राहिले. पासष्टीचा माणूस, हातात गोदामाची वही. म्हणाले, "बाय, तू हिशोबाचा शिकवतस मा? मगे माझो एक हिशोब बघ." आत येऊन बसले आणि वही उघडली.

झालं असं होतं. डॅशबोर्डवर एक मोठा आकडा होता, 'सरासरी उतारा २६ टक्के'. बी फोडल्यावर शंभर किलोमागे काजूगर किती मिळाला, तो उतारा. मालकांनी एकूण बी गुणिले २६ टक्के केलं आणि गोदामात तेवढा गर नाही म्हणून तात्यांना विचारलं. कुणी चोरी हा शब्द उच्चारला नव्हता. पण तीस वर्षं किल्ल्या कमरेला लावून फिरलेल्या माणसाला तो ऐकू आला होता. किल्ल्या त्यांनी आदल्या दिवशी कार्यालयात आणून ठेवल्या होत्या. "बी खराब नाय, माप पण खराब नाय. हिशोब खंयतरी चुकता," एवढंच म्हणत होते.

खरे आकडे मोठे होते, इथे समजायला सोपं व्हावं म्हणून गोल करून सांगते. एक लॉट आसपासच्या गावांतला, वेंगुर्ला-७ चा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेली ही जात, बी मोठं, भरलेलं. समजा ते १,००० किलो होतं आणि गर निघाला २८० किलो. उतारा २८ टक्के. दुसरा लॉट आफ्रिकेतून आयात झालेल्या बियांचा, ९,००० किलो, गर २,१६० किलो. उतारा २४ टक्के. डॅशबोर्डने काय केलं? २८ आणि २४ ची सरासरी काढली, २६. त्या हिशेबाने १०,००० किलोला २,६०० किलो गर हवा. प्रत्यक्षात २८० अधिक २,१६०, म्हणजे २,४४०. एकशे साठ किलो 'गायब'.

मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. खरा उतारा २४.४ टक्के. छोट्या लॉटचं मत आणि मोठ्या लॉटचं मत सारखंच धरलं, एवढीच ती चूक. टक्केवारीची सरासरी काढायची नसते. आधी गराची बेरीज, मग बियांची बेरीज, आणि शेवटी भागाकार. पॉवर बीआयच्या भाषेत सांगायचं तर उतारा हा टेबलातला रकाना असता कामा नये. तो मेजर, म्हणजे दर वेळी नव्याने मोजलं जाणारं सूत्र, असावा, वर सम, खाली सम, मधे डिव्हाइड. मग तुम्ही गाव निवडा, महिना निवडा, जात निवडा, तो दर वेळी नव्याने आणि बरोबर निघतो.

तात्यांनी फळ्यावरचं सगळं आपल्या वहीत उतरवून घेतलं. भागाकार त्यांनी स्वतः पुन्हा करून पाहिला. वहिनी उठल्या आणि मालकांना बोलावून घेऊन आल्या. मालक फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग स्वतः जाऊन किल्ल्या घेऊन आले आणि तात्यांच्या हातात दिल्या. "तात्या, चुकलं माझं." सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून तात्या दर शनिवारी वर्गात पहिल्या बाकावर असायचे.

रिपोर्टिंग शिकवणाऱ्या कुणालाही माझी विनंती आहे की हे उदाहरण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घ्या, शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. चुकीच्या सरासरीमुळे एखाद्या माणसाची रात्रीची झोप जाते, हे ज्याने पाहिलं तो पुढे कधी घाईत आकडा पाठवत नाही.

पण उताऱ्याचं प्रकरण तिथे संपलं नाही. पुढच्या शनिवारी उत्पादनवाल्या मुलाने विचारलं, "ताई, खाली जो बियांचा आकडा आहे तो कुठला? आलेलं बी की वाळलेलं बी?" खरेदीचं वजन पावतीवर ओलसर बियांचं असतं. अंगणात वाळवलं की घट येते. गोदामात जातं ते वाळलेलं वजन. खरेदीवाली मुलगी उतारा काढायची पावतीच्या वजनावर, तात्या काढायचे गोदामाच्या वजनावर, हा मुलगा काढायचा उकडीच्या भांड्यात पडलेल्या वजनावर. तिघेही 'उतारा' म्हणत होते. आयातीच्या कागदांवर तर चौथाच प्रकार, ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर. गेली कित्येक वर्षं दर महिन्याच्या बैठकीत उताऱ्यावरून वाद होत होता आणि तिघेही आपापल्या जागी बरोबर होते.

या एका शब्दावर आमचा अख्खा दिवस गेला. मला त्याची घाई नव्हती. संध्याकाळी तीन नावं ठरली: 'खरेदी उतारा', 'वाळीव उतारा', 'उकड उतारा'. तिन्हींचं सूत्र, वरचा आकडा कुठल्या टेबलातून आणि खालचा कुठल्या, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी खाली सह्या केल्या. नुसता 'उतारा' असा शब्द मॉडेलमध्ये कुठेही ठेवायचा नाही. तो कागद अजून कार्यालयात भिंतीवर आहे. पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांत मी याच कामासाठी महिने गेलेले पाहिलेत, कारण तिथे शब्दाचा अर्थ ठरवायला बसतात ती माणसं वेगळी आणि मॉडेल बांधतात ती वेगळी. इथे बी हाताळणारा माणूसच मॉडेल बांधत होता. तो एका टेबलाशी बसून बोलला की काम झालं.

ओळखीच्या टेबलांत सगळ्यात जास्त घाम काढला गावांच्या नावांनी. वेंगुर्ला आणि वेंगुर्ले, दोन्ही रूपं इथे सर्रास लिहितात. माणसाला फरक पडत नाही, संगणकाला ती दोन गावं. कुणी नुसतं 'वाडी' लिहिलेलं. इथल्या माणसाला वाडी म्हणजे सावंतवाडी हे सांगावं लागत नाही, पण काही ओळींत 'वाडी' म्हणजे खरंच त्या गावातली एखादी वाडी होती. एकच शेतकरी कधी पूर्ण नावाने, कधी आडनावाने, कधी मुलाच्या नावाने पावती केलेला. मी त्यांना सांगितलं की नावाला चावी करू नका, म्हणजे टेबलं नावावरून जोडू नका. प्रत्येक गावाला आणि शेतकऱ्याला आपला एक साधा क्रमांक द्या, ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही असा. नाव उद्या बदलेल, स्पेलिंग सुधारेल, क्रमांक बदलणार नाही.

हे सफाईचं काम तात्या आणि वहिनींनी केलं, दोन आठवडे, संध्याकाळी बसून. तात्यांना प्रत्येक शेतकऱ्याची बाग कुठे आहे ते ठाऊक होतं. "ह्यो आणि तो एकच," असं म्हणत त्यांनी शेकडो ओळी एकत्र आणल्या. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने केलं नसतं.

मग आला हंगाम, आणि इथे मी स्वतः नवीन काहीतरी शिकले.

तारखेचं टेबल कसं करायचं ते मी नेहमीसारखं शिकवलं. दर दिवसाला एक ओळ, मधे एकही दिवस गाळायचा नाही, बाजूला महिना, तिमाही, आर्थिक वर्ष. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणून टोटलवायटीडी हे वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज देणारं सूत्र वापरताना वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ते ३१ डिसेंबर धरून चालतं. इतकं सांगून मी पुढे जाणार, तर खरेदीवाली मुलगी म्हणाली, "पण ताई, आमचा हंगाम तर मधेच कापला जातो."

इथलं बी साधारण फेब्रुवारीअखेरपासून यायला लागतं आणि मे संपेपर्यंत येतं. म्हणजे ३१ मार्चची रेघ बरोबर हंगामाच्या पोटातून जाते. एखाद्या वर्षी थंडी उशिरा पडली, मोहर लांबला, की मार्चमधली खरेदी घटते आणि एप्रिलमधली वाढते. बागा तेवढ्याच, बीही जवळपास तेवढंच. पण रिपोर्टमध्ये एक वर्ष पडलेलं दिसतं आणि पुढचं उसळलेलं. त्या उसळीवर बँकेत बोलणी व्हायची, पुढच्या वर्षाची आयात ठरायची.

मी म्हटलं, ठीक आहे, तारखेच्या टेबलात 'हंगाम' असा आणखी एक रकाना घालू, १ फेब्रुवारीला नवा हंगाम सुरू. पाच जणांनी मान डोलावली. उत्पादनवाला मुलगा मात्र गप्प होता. विचारल्यावर म्हणाला, "मे महिन्यात घेतलेलं बी आम्ही नोव्हेंबरात उकडतो. कधी कधी पुढच्या फेब्रुवारीतही जुनंच बी चालू असतं. त्या दिवशीची तारीख नव्या हंगामाची, पण बी जुन्या हंगामाचं. मग गर कुठल्या हंगामाचा?"

मी खडू खाली ठेवला. त्याचं बरोबर होतं. हंगाम हा तारखेचा गुण नाहीच, तो लॉटचा गुण आहे. लॉट ज्या हंगामात घेतला त्याच हंगामाचा राहणार, उकडो कधीही, विको कधीही. आर्थिक वर्ष मात्र तारखेचं. दोन्ही रकाने हवेत, पण दोन वेगळ्या टेबलांत. मग एकाच पानावर हंगामाने बघा किंवा आर्थिक वर्षाने बघा, दोन्ही खरे आणि दोन्हींचे अर्थ वेगळे. चौदा वर्षं हे काम करून मी ते रकाने एकाच टेबलात कोंबणार होते, कारण मी काजू उकडताना कधी पाहिला नव्हता. म्हणूनच मला वाटतं की हे काम इथल्या माणसांना शिकवणंच बरोबर, बाहेरून मॉडेल आणून बसवणं नव्हे.

एक गोष्ट मला शिकवायला अवघड जाईल असं वाटलं होतं आणि ती सगळ्यात सोपी गेली. खरेदी करणाऱ्या एका एजंटाकडे आधी दोडामार्गचा भाग होता, मग त्याला कुडाळचा दिला. एजंटाच्या टेबलात 'दोडामार्ग' खोडून 'कुडाळ' लिहिलं की त्याने गेल्या वर्षी दोडामार्गात केलेली सगळी खरेदी एका रात्रीत कुडाळच्या नावावर जाते. यावर उपाय असा की जुनी ओळ तशीच ठेवायची, तिला कधीपासून कधीपर्यंत त्या तारखा लावायच्या आणि नव्या भागासाठी नवी ओळ, नवा क्रमांक. जुन्या पावत्या जुन्या क्रमांकाला चिकटलेल्या राहतात. याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे आणि शहरात हे समजवायला मला अर्धा दिवस लागायचा. इथे माझं वाक्य संपायच्या आत तात्या म्हणाले, "म्हणजे फेरफार." सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस होतो, नवं नाव फेरफार क्रमांकासह येतं, जुनं पुसत कुणी नाही. ज्या जिल्ह्यात घरटी एक जमिनीचा दावा आहे तिथे हे कुणाला समजवावं लागत नाही.

शिलकेचंही तसंच. रोजच्या अखेरच्या शिलकेचं टेबल केलं आणि एकाने महिन्याची बेरीज टाकली. "विहिरीचा पाणी रोज मापून तेची कोण बेरीज करता?" तात्यांनी विचारलं. शिल्लक गोदामांवर जोडता येते, दिवसांवर नाही. महिन्याला शेवटच्या दिवसाची घ्यायची. दहा मिनिटांत विषय संपला.

नात्यांच्या दिशेने मात्र त्रास दिला. पॉवर बीआयमध्ये दोन टेबलांमधलं नातं एकाच बाजूने वाहू द्यायचं, ओळखीकडून नोंदीकडे, म्हणजे ओळखीच्या टेबलात काही निवडलं की नोंदी गाळल्या जाव्यात, उलटं नको, हे मी बजावून सांगितलं होतं. विक्रीवाल्याला एका पानावर हवी तशी यादी मिळेना, म्हणून त्याने सगळी नाती दोन्ही बाजूंनी उघडली. त्याचं पान चाललं. वहिनींच्या पानावरचे पैसे मात्र बदलले आणि का बदलले ते शोधायला आम्हाला एक दुपार लागली. परत सगळी नाती एकमार्गी केली. दोन्ही बाजूंनी उघडायची गरज पडली तर आधी मॉडेल तपासायचं, बहुतेक वेळा एखादं ओळखीचं टेबल राहून गेलेलं असतं. त्याच्या बाबतीत ते प्रतवारीचं टेबल निघालं. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०, पाकळी, तुकडा या प्रती त्याने विक्रीच्या ओळींतच शब्दांत लिहिल्या होत्या. त्याचं वेगळं टेबल केलं, त्यात डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर हेही एका रकान्यात घातलं, आणि त्याची यादी एकमार्गी नात्यावर आपोआप आली.

शेवटचे दोन शनिवार मी जवळजवळ काही बोलले नाही. भिंतीवर एक मोठा कागद लावला. उभ्या बाजूला कामं: खरेदी, पैसे, वाळवण, उकड, प्रतवारी, शिल्लक, विक्री. आडव्या बाजूला ओळखी: तारीख, लॉट, शेतकरी, गाव, एजंट, प्रत, ग्राहक. कुठलं काम कुठल्या ओळखीशी जोडलेलं आहे तिथे फुली. एका चौकोनावरून भांडण झालं, प्रतवारीला शेतकरी लागतो का. नाही लागत, कारण लॉटमध्ये अनेक शेतकऱ्यांचं बी मिसळतं आणि एकदा मिसळलं की कुठला गर कुणाचा ते देवालाही सांगता येणार नाही. गुणवत्तावाल्या मुलीला ती फुली हवी होती, अमुक शेतकऱ्याचा गर किती चांगला ते दाखवायला. मी उत्तर दिलं नाही. तिने स्वतःच खालच्या मजल्यावर जाऊन वाळवणीच्या अंगणात पाहिलं आणि येऊन फुली पुसली.

मॉडेल उभं राहिल्यावर एकही चार्ट काढायच्या आधी एक नियम केला. तीन बेरजा कागदाशी जुळल्या पाहिजेत: पावतीपुस्तकातली एका महिन्याची खरेदी, बँकेच्या उताऱ्यातले पैसे आणि तात्यांच्या वहीतली महिनाअखेरची शिल्लक. पहिल्या दोन जुळल्या. शिल्लक चाळीस किलोने जुळेना. सगळ्यांनी मॉडेल तपासलं, सूत्रं तपासली. तात्यांनी वही तपासली आणि त्यांना एका पानावर दोनदा उतरवलेली नोंद सापडली. त्यांनी ती लाल शाईने कंसात घातली, बाजूला तारीख लिहिली आणि सही केली.

मी जाणं थांबवून आता काही महिने झाले. हंगाम सुरू झाल्यावर खरेदीवाल्या मुलीचा फोन आला. टरफलाची विक्री मॉडेलमध्ये आणायची होती. टरफलापासून तेल काढणारे ते घेऊन जातात, आजवर त्याचा हिशेब नुसता एका वहीत होता. मी विचारणार होते त्याच्या आधीच ती म्हणाली, "ताई, एक ओळ म्हणजे टरफलाची एक गाडी. तारीख आहे, वजन आहे, कुणी नेलं ते आहे." मी म्हटलं, आणि लॉट?

"दोन-तीन लॉटचं टरफल एकाच ढिगात पडतं," ती म्हणाली. "लॉटचा रकाना ठेवलाच नाही."

मग म्हणाली, तात्यांनी आंबोशी ठेवली आहे तुमच्यासाठी, इकडे आलात की न्या.